विराटाची सभा आणि 'कीचकवध'

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'बद्दल मराठीत एक समीकरण पिढ्यान्‌पिढ्या घोकले जाते. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यात सापडलेली हिंदभूमी, कंक होऊन राहिलेला युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि बल्लव होऊन मुदपाकखान्यात राबणारा भीम म्हणजे जहाल पक्ष. उत्तरपत्रिकेत चार ओळींत मावणारे हे समीकरण नाटकाचा गौरव म्हणून सांगितले जाते; पण त्याच्या पाठोपाठ येणारा निष्कर्ष नाटकाचा निकाल लावणारा असतो. कर्झन गेला, मवाळ-जहाल वाद इतिहासजमा झाला, इंग्रजही गेले. तेव्हा हे नाटक आपल्या काळापुरते होते, त्याचे काम झाले, आता त्याला वाङ्मयाच्या इतिहासात मानाचे पान द्यावे आणि पुढे जावे, असे म्हटले जाते. मला हा निष्कर्ष मान्य नाही आणि ज्या समीकरणावर तो उभा आहे ते समीकरणही अपुरे वाटते. 'कीचकवधा'त खटला एकट्या कीचकावर चाललेला नाही. ज्या सभेत कीचक सैरंध्रीवर हात टाकू शकतो ती सभा तिथे आरोपी आहे. परकी सत्ता एका उन्मत्त माणसाच्या बळावर टिकत नाही. अन्याय डोळ्यांदेखत घडत असताना जागेवर बसून राहणाऱ्या भल्या माणसांच्या बळावर ती टिकते. नाटकाचा हा आशय ओळखला, तर ते शिळे झाले असे म्हणता येणार नाही.

आधी हे समीकरण कुठून आले ते पाहू. ते मराठी प्रेक्षकांच्या मनात नव्हते असे मी म्हणत नाही. पण ते छापील, ठाशीव आणि जगभर पोहोचलेल्या रूपात मांडले गेले ते लंडनच्या 'टाइम्स'मध्ये, १९१० सालच्या जानेवारीत. नाटकात कर्झनचे नाव कुठेही येत नाही, तरी प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कीचक कोण ते ठाऊक असते, असे सांगून त्या लेखाने पात्रांची एकेक ओळख पटवून दिली. पुढे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातल्या असंतोषावरच्या आपल्या पुस्तकात तोच मजकूर पुरावा म्हणून वापरला. 'टाइम्स'चा लेख आला त्याच महिन्यात मुंबई सरकारने नाटकाच्या प्रयोगांवर बंदी घातली. म्हणजे ज्या अर्थाला आपण राष्ट्रीय अर्थ समजतो, तो सरकारपक्षाच्या आरोपपत्रातला अर्थ आहे. आरोपपत्राला नाटकातून गुन्हा तेवढा काढायचा असतो, आणि गुन्ह्याला नाव-गाव असलेला एक फिर्यादी लागतो. साम्राज्याने स्वतःला नाटकाच्या मध्यभागी बसवले, कारण आपल्या प्रजेचे सारे विचार आपल्याभोवतीच फिरतात अशी साम्राज्याची समजूत असते. आपणही शंभराहून अधिक वर्षे ती समजूत प्रमाण मानून चाललो आहोत.

तारखा तपासल्या तरी हे समीकरण लंगडे पडते. 'कीचकवध' रंगभूमीवर आले १९०७ साली. कर्झन १९०५ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थान सोडून गेला होता आणि त्याच्या जागी लॉर्ड मिंटो बसला होता. वंगभंगाची जखम ओली होती आणि पौर्वात्यांच्या सत्यनिष्ठेबद्दल कर्झनने कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात काढलेले उद्‌गार लोक विसरले नव्हते, हे खरे. कीचकाच्या मगरुरीत त्याची छटा दिसली असणार, तीही लेखकाला हवी असणार. पण नाटकाचा सारा डोलारा एका निघून गेलेल्या व्हाइसरॉयवर उभा असता, तर पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच ते वर्षभर उशिरा आलेले ठरले असते. तसे झाले नाही. पुढची तीन वर्षे ते गर्दी खेचत राहिले आणि त्या काळात त्याची धग वाढतच गेली. व्यक्ती गेल्यावरही जे पेटत राहते, त्याचे सरपण त्या व्यक्तीत नसते.

मग ते कशात होते? त्यासाठी खाडिलकरांनी महाभारतातला कोणता प्रसंग निवडला इकडे लक्ष द्यायला हवे. द्रौपदीची विटंबना म्हटली की आठवते ती द्यूतसभा. हिंदभूमीचा अपमान एवढेच दाखवायचे असते, तर वस्त्रहरणासारखा घराघरात माहीत असलेला प्रसंग हाताशी होता. पण द्यूतसभेत छळणारे आणि सिंहासनाचे मालक एकाच घरातले आहेत. विराटपर्वात तसे नाही. तिथे सिंहासन विराटाचे आणि सैन्य कीचकाचे. राजा स्वभावाने वाईट नाही. त्याने परक्या, निराश्रित माणसांना आपल्या पदरी ठेवून घेतले आहे. पण त्याचे राज्य ज्याच्या मनगटावर टिकले आहे, त्या मेहुण्याला आवरण्याची त्याची प्राज्ञा नाही. राणी सुदेष्णा सैरंध्रीला कीचकाच्या वाड्यावर मद्य आणायला पाठवते तेव्हा पुढे काय घडणार याची तिला पुरती कल्पना असते. तरी ती फक्त एक निरोप देते, एक भांडे हातात देते, आणि आपले हात स्वच्छ आहेत असे मानते. सैरंध्री धावत भर सभेत येते. कीचक तिचे केस धरतो, राजासमोर तिला लाथ मारतो. ती राजाला राजधर्म विचारते, असल्या राजाची चाकरी करणाऱ्या सभासदांनाही दोष देते. त्यावर विराटाचे उत्तर काय? तुमचे भांडण माझ्यामागे झाले. खरे काय ते कळल्याशिवाय मी न्याय कसा करू! लाथ त्याच्या डोळ्यांसमोर बसलेली आहे. सभासद सैरंध्रीला 'साधू साधू' म्हणतात, कीचकाची निंदाही करतात, आणि मग आपापल्या आसनांवर बसून राहतात. निर्दय सत्तेचे चित्र सगळेच काढतात. सज्जनांच्या नपुंसक सहानुभूतीचे इतके नेमके चित्र दुसरीकडे सहज सापडणार नाही, आणि खाडिलकरांनी नाटकासाठी नेमके हेच कथानक उचलले.

१९०७ च्या मराठी प्रेक्षकाला विराट कल्पनेने उभा करावा लागत नव्हता. संस्थानी राजवट म्हणजे गादी राजाची आणि शब्द रेसिडेंटचा, हे त्याने पाहिले होते. स्वतः खाडिलकर सांगलीचे, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानातले. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी १८७५ साली गादीवरून उतरवले होते. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला, म्हणून टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आणि पुढच्याच वर्षी ते छत्रपती अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या देखरेखीखाली, मरण पावले. छत्रपतींच्या नावाने चालणाऱ्या दरबारात खुद्द छत्रपतींनाच दाद मागायला जागा नव्हती, हे ज्या समाजाने पाहिले, त्याला विराटाच्या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. संस्थानाबाहेरही तेच होते. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे सोल्जर घराघरात शिरले, माजघर आणि देवघर यांचा मुलाहिजा त्यांनी ठेवला नाही. त्या वेळी सरकारी कचेऱ्यांत, नगरपालिकेत, सल्लागार मंडळांत आपलीच माणसे बसलेली होती. त्यातली बरीचशी मनाने हळहळत होती. त्या हळहळीचा उपयोग किती झाला, हा प्रश्न पुण्याच्या प्रेक्षकाला दहा वर्षांनी विराटाच्या सभेत पुन्हा भेटला. कर्झनच्या आठवणीपेक्षा ही आठवण जवळची होती आणि जास्त बोचणारी होती, कारण तिच्यात परक्याबरोबर आपलाही हिशेब होता.

इथे एक आक्षेप येईल. खाडिलकर 'केसरी'च्या मुशीतून तयार झालेले, टिळकांचे निकटचे सहकारी. त्यांनी पक्षाचा विचार सांगण्यासाठीच नाटक लिहिले असणार, मग त्यात सभेची सदसद्विवेकबुद्धी शोधणे म्हणजे आपल्या मनातले त्यांच्या माथी मारणे नव्हे काय? खाडिलकरांचा राजकीय हेतू मी नाकारत नाही. तो नाकारला तर नाटकाचा कणाच मोडेल. माझे म्हणणे एवढेच, की तो हेतू समीकरणात दिसतो त्याहून मोठा होता. टिळकपक्षाच्या राजकारणाचा त्या काळातला गाभा व्हाइसरॉयला शिव्या देणे हा नव्हता. स्वदेशी आणि बहिष्कार या चळवळी ज्या विचारावर उभ्या होत्या, तो असा की मूठभर परके कोट्यवधी लोकांवर राज्य करतात ते त्या लोकांच्या रोजच्या सहकार्यामुळे, आणि ते सहकार्य काढून घेणे लोकांच्या हातात आहे. हा विचार रंगमंचावर आणायचा तर सभा आणावी लागते. म्हणजे खाडिलकरांना पक्षाचे प्रचारक म्हटले तरी त्यांच्या प्रचाराचा रोख प्रेक्षकावर राहतो. आणि १९०९ साली आलेली त्यांची 'भाऊबंदकी' पाहिली, तर हा त्यांचा ध्यास होता याबद्दल शंका उरत नाही. तिथे इंग्रजाचा संबंध नाही. नारायणरावाचा खून झाला आहे, राघोबा गादीवर आहे, आणि रामशास्त्री प्रभुणे भर दरबारात त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगतात. विराटाच्या सभेत ज्या माणसाची जागा रिकामी होती, तो माणूस खाडिलकरांनी दोनच वर्षांत शनिवारवाड्यात उभा केला. ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचली की सत्ता स्वकीयांची असो वा परकीयांची, तिच्यासमोर सभेतल्या माणसाने काय करावे, हा लेखकाचा प्रश्न होता हे दिसते.

सरकारला मात्र हा प्रश्न कळला होता, आणि आपल्याहून चांगला कळला होता. 'टाइम्स'च्या त्या लेखात रंगमंचाइतकेच, किंबहुना अधिक बारकाईने, प्रेक्षागृहाचे वर्णन आहे: पुरुषांच्या चेहऱ्यांवरचा ताण, स्त्रियांचे पाणावलेले डोळे, युधिष्ठिराच्या शांतपणाबद्दलची चीड, वधाच्या वेळी उमटणारा समाधानाचा हुंकार. लेखकाला भय वाटले ते खुर्च्यांत बसलेल्यांचे. ज्या कायद्याखाली बंदी आली तो १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदाही हेच सांगतो. कलकत्त्यात युवराजाच्या भेटीनंतर झालेल्या एका प्रहसनामुळे चिडून सरकारने तो केला; त्याआधी 'नीलदर्पण' या बंगाली नाटकाचे इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल १८६१ साली रेव्हरंड जेम्स लाँग यांना एक महिना कैद आणि एक हजार रुपये दंड झाला होता. पण १८७६ च्या कायद्यातले एक कलम मला सर्वांत बोलके वाटते. बंदी असलेला प्रयोग करणारा नट, त्याला मदत करणारा, जागा देणारा यांच्याबरोबरच, बंदी माहीत असून प्रेक्षक म्हणून हजर राहणाराही त्या कलमाखाली गुन्हेगार होता. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पाहणे हीदेखील कृती आहे, साक्षीदार तटस्थ नसतो, हे तत्त्व विराटाच्या सभेला कळले नाही. कलकत्त्यात कायदा लिहिणाऱ्यांना ते पक्के ठाऊक होते. त्यांना प्रजा अन्याय पाहून खाली मान घालणारी हवी होती. अन्याय पाहून एका सुरात हुंकार देणारी नको होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे नाटक हिंसेला चिथावणी देते, भीमाच्या हातून कीचकाला मारून टाळ्या घेते, आणि म्हणून आजच्या काळात ते आदराने ठेवून देण्याच्याच लायकीचे आहे, असे काही सुजाण माणसे म्हणतात. प्रथम चिथावणीचा मुद्दा घेऊ. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात झाला. त्यांच्या निरोपासाठी त्या रात्री जे नाटक लावले होते ते 'कीचकवध' नव्हते, ते देवलांचे 'शारदा' होते, जरठ-कुमारी विवाहावरचे समाजसुधारक नाटक. महिन्याभरात बंदी आली ती 'कीचकवधा'वर. नाटकामुळे पिस्तूल उडाले असे ज्यांना वाटते, त्यांनी या क्रमाचा विचार करावा. खून करणारा अनंत कान्हेरे आणि त्याचे सहकारी यांच्या मागे बाबाराव सावरकरांना झालेली शिक्षा होती, गुप्त संघटना होती, राज्यकर्त्यांनी बंद केलेले सनदशीर मार्ग होते. सरकारला या कारणांची उत्तरे द्यायची नव्हती. नाटक बंद करणे सोपे होते. पुढे बाबूराव पेंटरांनी १९२० साली याच कथेवर 'सैरंध्री' हा मूकपट काढला तेव्हाही सेन्सॉरची कात्री वधाच्या दृश्यावर चालली, सभेच्या दृश्याचे काय करावे हे कात्रीला ठरवता येत नाही.

आणि वध हे या कथेचे उत्तर आहे असे मानणेही चूक आहे. विराटपर्वात कीचक मेल्यावर काय होते? त्याचे भाऊ सैरंध्रीलाच बांधून त्याच्या चितेवर जाळायला नेतात आणि राजा त्याला संमती देतो. भीम तिला सोडवतो, तेव्हा राजा घाबरतो. आणि सुदेष्णेमार्फत निरोप देतो तो सैरंध्रीने नगर सोडून जावे असा. सभेला पश्चात्ताप झालेला नाही. कीचक गेला तरी सभा तीच राहिली, आणि तिच्या दृष्टीने अडचण आहे ती दाद मागणारी बाई. मराठी प्रेक्षकाला ही पुढची कथा पाठ होती. पडदा वधावर पडला तरी त्याच्या मनात ती चालू राहते, आणि ती सांगते की जुलमी माणूस नाहीसा झाल्याने सभा शुद्ध होत नाही. १९४७ नंतरचा आपला अनुभव याहून वेगळा आहे काय? १८७६ चा तो कायदा स्वतंत्र भारताच्या कायदेपुस्तकात सत्तर वर्षे राहिला आणि २०१८ साली कुठे रद्द झाला. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला १९७० च्या दशकात उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागला, तेव्हा मुंबईत कोणी गोरा गव्हर्नर नव्हता. कीचक गेल्याने नाटक संपले असे म्हणणाऱ्यांना इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

समीकरणाचा सर्वांत मोठा अन्याय युधिष्ठिरावर आणि त्याच्या आडून मवाळांवर होतो. युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि मवाळ म्हणजे गप्प बसणारा, हे इतके सोपे असते तर तिथे नाट्यच उरले नसते. नामदार गोखल्यांनी १९०५ च्या काशी काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली होती. त्यांना भित्रे म्हणणे सत्याला धरून नाही. युधिष्ठिरही भित्रा नाही. अज्ञातवास संपायला काही दिवस उरले आहेत. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास. भीम उठू पाहतो तेव्हा तो त्याचा अंगठा दाबून त्याला थांबवतो आणि सैरंध्रीला कठोर शब्दांत आत जायला सांगतो. विराटाचे गप्प बसणे दुर्बलतेचे आहे, युधिष्ठिराचे दिलेल्या शब्दापोटी आहे. पण लाथ खाऊन जमिनीवर पडलेल्या बाईला दोघांची मौने सारखीच दिसतात. मोठ्या ध्येयासाठी आज गप्प बसणाऱ्याने, आपले गप्प बसणे आणि भेकडाचे गप्प बसणे यांतला फरक पीडिताला कसा पटवून द्यावा? आणि तो पटवता येत नसेल, तर तो फरक खरा कितपत मानावा? सत्तेखाली जगणाऱ्या प्रत्येक विवेकी माणसापुढचा हा पेच आहे. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली ती याच पेचावर, आणि नाटक त्याआधी आलेले होते. जहाल बरोबर आणि मवाळ चूक असा निवाडा वाचून आपण या पेचातून सुटका करून घेतो.

राहिला स्त्रीचा प्रश्न. सैरंध्रीला भारतमाता केले की तिची विटंबना राष्ट्राची होते आणि तिचे स्वतःचे दुःख बाजूला पडते, मग पुरुषांनी पुरुषांचा सूड घ्यायचा, असा आक्षेप आजचे अभ्यासक घेतात. समीकरणावर हा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो, आणि म्हणूनच मला ते समीकरण नको आहे. नाटकातल्या स्त्री-भूमिकाही त्या काळी पुरुषांच्याच हाती होत्या. सैरंध्री पुरुष नटच उभी करत होता. पण कथा मुळातून पाहिली तर तिथे धर्म कशाला म्हणतात हे सांगणारी एकटी सैरंध्री आहे. राजाला राजधर्म ती विचारते, सभासदांना ती धारेवर धरते, मध्यरात्री मुदपाकखान्यात जाऊन भीमाला ती उठवते, आणि त्याने अजून थोडे थांब म्हटल्यावर थांबायला ती नकार देते. बाकी सगळ्यांकडे थांबण्याची कारणे आहेत. तिच्याकडे नाहीत, कारण थांबण्याची किंमत तिच्या अंगावर वसूल होते. तिला प्रतीक मानणे सोडले की ती नाटकातली सर्वांत राजकीय व्यक्ती ठरते.

म्हणून 'कीचकवध' वर्गात शिकवताना आणि रंगमंचावर आणताना कर्झनपासून सुरुवात करणे आपण थांबवले पाहिजे. दिग्दर्शकाने कीचकाच्या मिशांवर मेहनत घेण्यापेक्षा विराटाच्या उत्तरावर, सुदेष्णेच्या निरोपावर आणि सभासदांच्या 'साधू साधू'वर घ्यावी; शिक्षकाने विद्यार्थ्याला कोण कोणाचे प्रतीक ते विचारण्यापेक्षा त्या सभेत कोणाचे वागणे क्षम्य आहे ते विचारावे. वसाहतीच्या राज्याने आपल्याला जे शिकवले त्यात अन्यायाची निंदा करून त्याच्या आधाराने जगण्याची कला सर्वांत चिवट निघाली. ती कला परक्यांबरोबर गेली नाही. खाडिलकरांनी ती १९०७ साली रंगमंचावर उघडी केली आणि सरकारने ती उघडी झालेली पाहून नाटक बंद केले. ज्या अर्थाला सरकार भ्याले तो अर्थ विसरून, ज्या अर्थाने सरकारने नाटक बंद केले तोच आपण जपत बसलो, ही चूक आता तरी दुरुस्त करायला हवी.